मास्तरांच्या गाडीत सदा बारा

मास्तरांच्या गाडीतल्या घड्याळात बारा वाजले, तेव्हा पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही, कारण खरोखरच दुपार होती. संध्याकाळच्या शिकवणीलाही बाराच वाजले, तेव्हा मात्र मास्तरांनी डोळे बारीक करून घड्याळाकडे बघितलं, बोटाने काचेवर टकटक केलं आणि "हॅत्" म्हणाले. घड्याळ हिरव्या आकड्यांनी बारावर लुकलुकत राहिलं.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. शाळा त्यांची स्वतःची. शाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली एक पांढरी गाडी. शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसा दुसरा एक ब्रेक शेजारच्या सीटवर मास्तरांच्याही पायाशी होता, पण तो नुसता शोभेला आहे असं ते सगळ्यांना सांगत. दारावर पाटीच होती: 'आम्ही ब्रेक मारत नाही, आत्मविश्वास देतो.' ही ओळ त्यांना आंघोळ करताना सुचली होती आणि सुचल्याबरोबर ते तसेच ओल्या अंगाने बायकोला सांगायला धावले होते. बायको म्हणाली होती, "आधी टॉवेल घ्या."

वेळेच्या बाबतीत मास्तर भलतेच कडक. मनगटी घड्याळ त्यांना चालत नसे, पट्ट्याने हाताला पुरळ यायचं. फोन तर शिकणाऱ्याचा आणि स्वतःचाही, गाडीत बसण्याआधी डिकीत टाकायचा असा शाळेचा नियम. म्हणजे राहता राहिलं डॅशबोर्डवरचं ते एकुलतं एक घड्याळ. त्याच्यावर शाळेचा सगळा संसार चालायचा आणि आता तेच फिरलं होतं.

लगेच गोंधळ उडायला लागला. ग्रंथपाल नावाप्रमाणे ग्रंथालय सांभाळणारे, अतिशय शांत गृहस्थ. त्यांची शिकवणी संपायची वेळ झालीच नाही, म्हणून मास्तरांनी त्यांना बाजाराभोवती फिरवत ठेवलं. चौथ्यांदा तोच फळवाला दिसल्यावर ग्रंथपाल हळूच म्हणाले, "मास्तर, ह्या भाऊंनी आता मला नमस्कार केला." तिकडे शाळेच्या दारात पुढच्या शिकवणीच्या गाणेवाल्या बाई पायरीवर बसून, गायनाच्या क्लासला उशीर होणार म्हणून तिथेच गळा तापवत होत्या. मास्तर आले तेव्हा बाईंचा आवाज चांगलाच तापला होता आणि डोकंही.

त्या दिवशी मास्तरांनी स्टेपनीखालून गाडीचं पुस्तक शोधून काढलं. त्यात लिहिलं होतं तशी दोन बटणं दाबून धरली, आकडे पळवले, भिंतीवरच्या घड्याळाशी वेळ जुळवली. रात्रभर गाडी दारात उभी राहिली. सकाळी बघतात तर वेळ बिनचूक! मास्तर खूश झाले. मोकळ्या गाडीतून एकटेच पेट्रोल भरून आले, तरी वेळ बिनचूक. मग सलूनवाला शिकायला बसला, गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि घड्याळाचे बारा वाजले.

"तुम्ही हात लावलात का इकडे?" मास्तरांनी विचारलं.

"माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत, मास्तर," सलूनवाला म्हणाला. "सोडू का?"

"नको, नको, नको!"

सलूनवाल्याच्या मागोमाग ग्रंथपाल, त्यांच्या मागोमाग गाणेवाल्या बाई, सगळ्यांच्या वेळी तेच झालं. मास्तर एकटे असले की घड्याळ शहाण्यासारखं वागायचं आणि शिकणारा आत बसला की त्याची अक्कल चरायला जायची. मास्तरांचा संशय बळावला. हे लोकच गुपचूप बटणं दाबतात! त्यांनी एका चिठ्ठीवर 'घड्याळाला हात लावू नये' असं लिहून ती घड्याळाखाली चिकटवली. तिचा परिणाम एवढाच झाला की रस्ता सोडून सगळे चिठ्ठी वाचायला लागले.

घरी बायकोने ऐकून घेतलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची, त्यामुळे कुठल्याही दुखण्यावर तिचा पहिला सल्ला ठरलेला. "अहो, नीट बघा जरा."

"बघतोच आहे मी. फ्यूज गेला असणार."

"फ्यूज गेला तर घड्याळ बंद पडेल ना? ते तर चालू आहे."

"अगं, अर्धवट गेला असेल."

अर्धवट गेलेला फ्यूज शोधायला मास्तर बायकोचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन गाडीत शिरले. डॅशबोर्डखालचं झाकण काढलं. आत रंगीबेरंगी फ्यूजची अशी दाटी होती की कुणाला धरावं आणि कुणाला सोडावं. लाल ओढला, पुन्हा लावला. निळा ओढला, पुन्हा लावला. पिवळा ओढला, तेवढ्यात शिंक आली आणि पिवळा चिमट्यातून निसटून सीटखाली गडप झाला. अंधारात तो काही दिसेना, म्हणून मास्तरांनी घरातून व्हॅक्यूम क्लीनर आणला. सीटखाली 'खट्' असा आवाज झाला. फ्यूज सापडला होता, पण तो आता व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात, बायकोच्या केसांच्या आणि घरभरच्या धुळीच्या गोळ्यात होता. मास्तरांनी तो गोळा उघडून बघितला, पुन्हा शिंकले आणि हात टेकले.

पिवळा फ्यूज हॉर्नचा होता, हे त्यांना पहिल्याच चौकात कळलं. फ्यूजभाऊच्या गॅरेजपर्यंत जायचं तर सगळा बाजाराचा रस्ता. मास्तरांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि "ओ काका, सरका! ओ ताई, बाजूला! पीप, पीप!" असं ओरडत गाडी नेली. एका काकांनी वळून म्हटलं, "अहो, हॉर्न वाजवा की!" मास्तर म्हणाले, "तेच करतोय ना!"

फ्यूजभाऊ हा गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस. बोलण्यात वस्ताद, आणि त्याला 'मला ठाऊक नाही' हे वाक्य बोलताच येत नसे. त्याने बॉनेट उघडलं, आत बघून चुकचुकला आणि म्हणाला, "बॅटरी थकली आहे, मास्तर. तिला वेळेचा ताण झेपत नाही."

त्याने बॅटरीची टोकं घासूनपुसून लखलखीत केली. हॉर्नला नवा फ्यूज बसवला. हॉर्न ठणठणीत वाजला. शिकवणीला घड्याळाचे बारा वाजले.

दुसऱ्या खेपेला फ्यूजभाऊ म्हणाला, "मग घड्याळच म्हातारं झालंय." भंगारातल्या एका गाडीचं तस्संच घड्याळ त्याने काढून आणलं आणि बसवलं. ते आणखी हिरवं दिसायचं. फ्यूजभाऊ स्वतः शेजारी बसला आणि मास्तरांनी गाडी गावभर हिंडवली. घड्याळ एक मिनिटही चुकलं नाही. फ्यूजभाऊने मास्तरांच्या खांद्यावर थाप मारली. "बघा! आता नातवंडांपर्यंत चालेल."

तासाभरात सलूनवाल्याच्या हाताखाली नव्या घड्याळाचेही बारा वाजले.

आता मास्तरांना झोप लागेना. घड्याळ बदललं, बॅटरी उजळली, फ्यूज तपासले. गाडी तीच, रस्ता तोच. बदलतं ते फक्त चालवणारं माणूस. आणि सगळ्यांत वाईट अवस्था कुणाच्या शिकवणीला व्हायची, हे त्यांना ठाऊक होतं, पण घरात बोलायची सोय नव्हती. कारण ती व्यक्ती म्हणजे त्यांच्या सासूबाई.

सासूबाई जन्मभर प्रसूतिगृहात सिस्टर होत्या. निम्म्या गावाने जगात पाऊल टाकलं ते त्यांच्या हातावर. निवृत्त झाल्यावर लेकीकडे राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "जावईबापू, मला गाडी शिकवा." मास्तर नाही म्हणू शकले नाहीत. सासूबाईंना कशाचीच भीती वाटत नसे, आणि मास्तरांना नेमकी त्याचीच भीती वाटे. त्या स्टिअरिंगवर बसल्या की घड्याळ बाराच्या पुढे सरकायचं नावच घ्यायचं नाही. बारा. जरा थांबून पुन्हा बारा. वळण आलं की बारा. समोर म्हैस असो की मोटारसायकल, घड्याळ आपलं बारा.

एके दिवशी जेवताना मास्तरांच्या तोंडून निसटलंच. "आई, राग मानू नका, पण तुमच्या अंगात काहीतरी वीज आहे."

बायकोचा घास हातातच राहिला. "काय म्हणालात?"

"म्हणजे काही माणसांच्या अंगात असते, असं फ्यूजभाऊ म्हणतो. त्यांनी नुसतं जवळ बसलं तरी घड्याळं बिघडतात."

"माझी आई काय ट्रान्सफॉर्मर आहे?"

"तसं नाही गं..."

"तिने आयुष्यभर बाळांच्या जन्माच्या वेळा सांगितल्या. तिच्यामुळे एक घड्याळ बिघडलं नाही आजवर. आणि तुमच्या डबड्यातलं बिघडतं, तर खापर तिच्या डोक्यावर?"

सासूबाईंनी शांतपणे वाटीतली डाळ संपवली. "राहू दे गं. वीज असेल तर असेल. बघू या की तपासून. इतकी वर्षं आहे आणि मला पत्ताच नाही, असं कसं?"

त्यांना मुळीच राग आलेला नव्हता. उलट, एवढ्या वयात आपल्यात काहीतरी नवीन निघतंय म्हणून त्या जराशा खुलल्याच होत्या. बायको मात्र धुसफुसत म्हणाली, "तपासायचंच असेल तर मीही येणार. मागे बसून घड्याळावरून नजर हलवणार नाही. बघतेच कशी वीज आहे ती."

अशा रीतीने रविवारी सकाळी त्या पांढऱ्या गाडीत चार जणं बसली. मोठ्या दुकानाच्या मागचं पार्किंग सकाळी मोकळं असायचं, तिथे हा प्रयोग ठरला. स्टिअरिंगवर सासूबाई, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. शेजारी मास्तर. मागे बायको, चष्मा पुसून तयार. तिच्या शेजारी फ्यूजभाऊ, हातात वीज मोजायचं मीटर. ते त्याने आधी सासूबाईंच्या कोपराला लावून बघितलं.

"काय निघालं?" सासूबाईंनी उत्सुकतेने विचारलं.

"मावशी, शून्य."

"नीट लावलंस ना? दुसरा हात बघ."

दुसऱ्या हातातही शून्यच निघालं. सासूबाई जरा हिरमुसल्या.

मास्तरांनी घड्याळ लावून दिलं आणि गाडी निघाली. सासूबाईंनी गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी झोकात पुढे गेली. समोर दिव्याचा खांब होता. तो बराच लांब होता. तरीही गाडी गचका खाऊन थांबली आणि मागून बायको ओरडली, "बारा!"

"बघितलंत?" मास्तर म्हणाले.

पुन्हा घड्याळ लावलं. पुन्हा गाडी निघाली. सासूबाईंनी वळण घेतलं, गचका बसला, फ्यूजभाऊचं मीटर मास्तरांच्या मानेवर आदळलं. "बारा!"

तिसऱ्यांदा समोरून नुसतं एक कबूतर चालत गेलं. गचका. "बारा!"

"आई, तुम्ही इतक्या जोरात का थांबता?" बायकोने कपाळ चोळत विचारलं. ती चिडली की आईलाही 'तुम्ही' म्हणायची.

"मी कुठे थांबते? जावईबापू थांबवतात."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या.

"मी?" मास्तर म्हणाले. "मी तर नुसता बसलोय."

सासूबाईंनी हँडब्रेक ओढला, मागे वळल्या आणि लेकीला समजावून सांगितलं. "अगं, ही ह्यांची शिकवायची पद्धत आहे. आपली चूक झाली की हे ब्रेक दाबतात. ब्रेक दाबला की घड्याळाचे बारा वाजतात, म्हणजे आपण नापास. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. फार छान सोय आहे. आमच्यात चढाओढ लागलेली असते."

"आमच्यात म्हणजे कुणात?" मास्तरांनी विचारलं.

"आम्हा शिकणाऱ्यांत. शाळेच्या पायरीवर भेटतो ना आम्ही. बारा न वाजवता सगळ्यांत लांब कोण जातं, ते बघतो. सध्या गाणेवाल्या बाई पुढे आहेत, त्या नदीच्या पुलापर्यंत गेल्या. सलूनवाला म्हणतो मी बाजार ओलांडला, पण त्याला साक्षीदार नाही. ग्रंथपाल बिचारे फार मनाला लावून घेतात. आणि मी शेवटची." इथे त्यांचा आवाज जरा पडला. "माझ्या वेळेला तर तुम्ही गाडी सुरू व्हायच्या आतच बारा वाजवता."

इतके दिवस ते ज्यांच्यावर डोळे वटारत होते, ती माणसं हे सगळं शिस्तीत सोसत होती, वर कौतुकही करत होती. पण पाटीचं काय? 'आम्ही ब्रेक मारत नाही' ही ओळ तर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती.

"आई, गैरसमज होतोय तुमचा. माझा पाय ब्रेककडे जातच नाही."

"आत्ता कुठे आहे?" बायकोने पुढे वाकून विचारलं.

सगळ्यांनी खाली बघितलं. गाडी उभी होती, हँडब्रेक ओढलेला होता, तरीही मास्तरांचा बूट ब्रेकवर असा घट्ट रुतला होता, जणू गाडी कड्याच्या टोकावर लटकली आहे.

"हा... हा विसावा घेतोय," मास्तर म्हणाले.

फ्यूजभाऊला आता चेव चढला. मीटर बाजूला टाकून तो म्हणाला, "सोपं आहे, मास्तर. पाय वर घ्या. मांडी घालून बसा. मावशी एक पूर्ण चक्कर मारू देत. घड्याळ नीट चाललं, तर दोष ब्रेकजवळ. बारा वाजले, तर दोष मावशीत."

"मांडी घालून?" मास्तर म्हणाले. "म्हणजे ब्रेकशिवाय?"

"ब्रेक माझ्याकडे आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"तेच म्हणतोय मी!"

पण तिघांपुढे एकट्याचं काय चालणार? मास्तरांनी बूट काढले, सीटवर कशीबशी मांडी घातली आणि दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी पकडली. गुडघा गिअरला लागायचा, तो बायकोने मागून हात घालून ओढून धरला. घड्याळ लावलं. गाडी निघाली.

पहिल्या वळणालाच मास्तरांच्या कपाळावर घाम फुटला. पाय मांडीतून सुटू बघत होता. एरवी हे काम पाय परस्पर उरकायचा, डोक्याला कळवतही नसे. आता त्याला धरून ठेवायचं म्हणजे चांगलंच जड जात होतं. मास्तर कण्हायला लागले.

सासूबाईंनी रस्त्यावरची नजर न हलवता आवाज मात्र बदलला. तो आवाज गावातल्या कितीतरी बायकांच्या ओळखीचा होता. "श्वास घ्या, जावईबापू. लांब. हं. आता सोडा. हळूहळू. जोर करायचा नाही."

"आई, समोर भिंत आहे..."

"भिंत आहे तिथेच राहील. कळ येऊ द्या, जाऊ द्या. जोर करू नका म्हटलं ना! मी सांगेन तेव्हा."

"आई गं!" मास्तर म्हणाले, ते नेमकं कुणाला, ते कळलं नाही.

गाडी भिंतीच्या अलीकडे सुरेख वळली. मागून बायको घड्याळावर नजर ठेवून होती. "चालतंय... अजून चालतंय... अहो, चालतंय!" फ्यूजभाऊही मास्तरांच्या बरोबरीने श्वास घ्यायला आणि सोडायला लागला होता, त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

तेवढ्यात दुकानाच्या मागच्या दारातून एक माणूस बाहेर पडला. एकात एक अडकवलेल्या सामानाच्या रिकाम्या ढकलगाड्यांची लांबलचक रांग तो ढकलत होता. त्याचं डोकं खाली होतं आणि ती रांग आगगाडीसारखी आडवी, थेट ह्यांच्या वाटेत येत होती.

"ब्रेक!" मास्तर किंचाळले.

"दिसतंय मला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वेग कमी केला, ब्रेक दाबला आणि गाडी पाण्यावर पान टेकावं तशी थांबली. गचका नाही, काही नाही. ढकलगाड्यांचा माणूस मान वर करून हसला, सासूबाईंनी हात हलवून त्याला जायला सांगितलं आणि ती सगळी रांग खडखडत समोरून निघून गेली. घड्याळ चालूच होतं.

"शाबास, आई!" बायको म्हणाली आणि आनंदाच्या भरात तिने मास्तरांचा गुडघा सोडला.

मांडीला केव्हाच मुंग्या आल्या होत्या. गुडघा सुटल्याबरोबर पायात असा गोळा आला की पाय आपला आपण सुटला, धनुष्यातून बाण सुटावा तसा, आणि मोज्यासकट थेट ब्रेकवर आदळला.

"बारा!" चौघेही एकदम ओरडले. मास्तर त्यात होते आणि त्यांचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

आता शंकेला जागा उरली नाही. फ्यूजभाऊ गाडीतून उतरला, पुढचं दार उघडून मास्तरांच्या पायाशी आडवा झाला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बाहेर नुसते त्याचे पाय दिसत होते. आतून आवाज आला, "सापडलं! घड्याळाला जाणारी वायर मास्तरांच्या ब्रेकच्या दांड्याला गुंडाळली आहे. दांडा खाली गेला की वायर ओढली जाते आणि क्षणभर घड्याळाची वीज तुटते, मग ते पुन्हा बारापासून सुरू होतं. अरे देवा, काय हे काम! कुणी केलंय हो हे? कुठल्या अडाण्याच्या हातात गाडी दिली होतीत?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं, बायकोने आईकडे.

"सांगा ना, मास्तर! कुणी हात घातला होता इथे?"

"तू," मास्तर म्हणाले. "घड्याळ बिघडायच्या आदल्या दिवशी पंखा बसवलास ना डॅशबोर्डवर, शिकणाऱ्यांना घाम येतो म्हणून? तेव्हा."

बाहेर दिसणारे पाय जरा आत सरकले. मग फ्यूजभाऊचा आवाज आला. "तसं बघायला गेलं तर काम काही वाईट नाही. पंखा किती छान चालतोय!"

त्याने वायर सोडवली, वर नेऊन चिकटपट्टीने पक्की बांधली आणि मास्तरांना ब्रेक दाबायला सांगितलं. मास्तरांनी दाबला. मग पुन्हा दाबला. मग खात्री करायला कितीतरी वेळा दाबला. घड्याळ ढिम्म हललं नाही, आपली वेळ दाखवत राहिलं. सासूबाईंनी निरोप देताना फ्यूजभाऊला निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "तू पायाळू होतास बघ. तेव्हाही असाच पाय बाहेर आणि डोकं आत करून अडला होतास." फ्यूजभाऊ कानांपर्यंत लाल झाला.

घड्याळ दुरुस्त झालं, पण शाळेत नाराजी पसरली. गाणेवाल्या बाई पुलापर्यंत गेल्या, पूल ओलांडला, परत आल्या आणि काळजीने म्हणाल्या, "मास्तर, आज तुम्ही एवढ्यांदा ब्रेक दाबलात, पण बारा एकदाही वाजले नाहीत. मग माझं चुकलं कुठे, ते मला कळणार कसं?"

मास्तरांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं की इतकी वर्षं आपण शिकवलं म्हणजे नुसता पाय दाबला, तोंडाने कधी काही सांगितलंच नाही. 'जपून' आणि 'अहो' हे दोनच शब्द काय ते त्यांनी वापरले होते. मग त्यांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली. आरसा उशिरा बघितलात. वळणाआधी गिअर उतरवायला हवा होता. सायकलवाल्याला आणखी जागा द्या. सुरुवातीला त्यांना शब्दच सापडत नसत, तोवर चूक मागे पडलेली असायची. पण बोलायला लागले की पाय जागच्या जागी राहतो, असाही शोध त्यांना लागला. दोन्ही कामं एकदम त्यांना जमत नसत. ग्रंथपाल तर एवढे खुलले की एके दिवशी चक्क गाडी चालवताना शिट्टी वाजवायला लागले आणि मग स्वतःच दचकून थांबले.

सासूबाई परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. परीक्षा घेणारे साहेब गाडीतून उतरले ते बरेच ताजेतवाने दिसत होते. त्यांना पाठदुखी होती, आणि सासूबाईंनी वळणं घेता घेता त्यांना कसं बसायचं ते शिकवलं होतं.

लायसन्स हातात आल्यावर पहिल्या सुटीला सासूबाईंनी लेक-जावयाला तलावावर न्यायचं ठरवलं. मास्तर सवयीने पुढच्या सीटकडे निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही मागे. आज शिकवणी नाही." पुढे बायको बसली. गाडी कोपऱ्यावरही पोचली नव्हती, तोच गचका बसला.

"आई, अगं, रिक्षा!"

"दिसली होती," सासूबाई म्हणाल्या. "पाय काढ तिथून."

"मी काही केलं नाही! हा आपोआप दाबला जातो!"

मागे मास्तरांनी काही बोलायचं नाही, असं मोठ्या कष्टाने ठरवलं. त्यांच्या पायाशी नुसतीच चटई होती. त्यांनी इकडे दाबून बघितलं, तिकडे दाबून बघितलं. काहीच झालं नाही. गाडी आपली चालत राहिली. रस्त्याच्या कडेची झाडं एकामागून एक सरकत होती, पुढे मायलेकींचं भांडण रंगात आलं होतं, डॅशबोर्डवरचा पंखा मागपर्यंत गार वारा फेकत होता. मास्तरांनी डोकं काचेला टेकवलं. दुसऱ्या कुणी चालवलेल्या गाडीत त्यांचा आजवर कधी डोळा लागला नव्हता. तलाव यायच्या आत ते तोंड उघडं टाकून घोरत होते.

पुढून सासूबाईंनी आरशात बघितलं आणि लेकीला म्हणाल्या, "हळू बोल. झोपलं."